मत्तय २४ : घडून गेलं, की अजून घडायचं आहे?

आजचं वाचन : मत्तय २४:१-३६
सोबत वाचा : लूक २१:२०-२४, प्रेषितांची कृत्ये १:६-११, २ तीमथ्य २:१६-१८



गेल्या आठवड्यात तरुण संघाच्या ग्रुपवर एकाने यूट्यूबची लिंक टाकली. त्यातला वक्ता ठामपणे सांगत होता की मत्तय २४ मधलं सगळं इ.स. ७० मध्येच पूर्ण झालं, आता वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही. दहा मिनिटांत दुसरी लिंक आली. तिच्यात युद्धं, भूकंप, महागाई सगळं जोडून शेवट अगदी दारात आलाय असं सिद्ध केलेलं. मग एका ताईने विचारलं, "दोघंही बायबलच उघडून बोलतायत. मग आम्ही धरायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. आज शांतपणे वचनाकडेच जाऊ.

१. आधी प्रश्न नीट वाचा

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज शिकतो. एकाच तिकिटात दोन मागण्या लिहून आल्या की उत्तर वाचताना गोंधळ होणारच. मत्तय २४:३ मध्ये तेच झालंय. येशू म्हणाला, या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. जैतूनांच्या डोंगरावर शिष्यांनी विचारलं की हे कधी होईल, आणि तुझ्या येण्याचं व युगाच्या समाप्तीचं चिन्ह काय. मार्क १३:४ मध्ये हाच प्रसंग आहे, पण तिथे प्रश्न फक्त "या गोष्टीं"बद्दल आहे. शिष्यांच्या मनात मंदिर पडणं आणि जग संपणं ही एकच घटना होती. येशूच्या मनात ती एकच होती का, हे उत्तरातून शोधायचं आहे.

२. जे खरोखर घडून गेलं

३४ व्या वचनात येशू सांगतो की हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. काही जण इथे "पिढी" म्हणजे यहुदी वंश असा अर्थ घेतात. पण मत्तय ११:१६, १२:४१ आणि २३:३६ वाचून बघा. तिथे हाच शब्द येशूच्या समोर उभ्या असलेल्या लोकांसाठी आहे. मग २४ व्या अध्यायातच अर्थ बदलायचा, याला कारण लागेल.

आता इतिहास बघा. इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं. ७० मध्ये टायटसने वल्हांडणाच्या सुमारास यरुशलेमेला वेढा घातला आणि त्याच उन्हाळ्यात मंदिर जळालं. त्या काळाचा साक्षीदार योसेफस याने उपासमार आणि कत्तल यांचं लांबलचक वर्णन लिहून ठेवलंय. रोममधल्या टायटसच्या कमानीवर मंदिरातला सात फाट्यांचा दीपवृक्ष लुटून नेणारे सैनिक आजही कोरलेले दिसतात. येशूच्या बोलण्यापासून हे साधारण चाळीस वर्षांच्या आत घडलं. म्हणजे एक पिढी.

वचन १६ ते २० मला फार बोलकं वाटतं. यहूदीयात असतील त्यांनी डोंगरांत पळावं, धाब्यावर असेल त्याने घरातलं सामान काढायला खाली उतरू नये, आणि पळणं हिवाळ्यात किंवा शब्बाथाला होऊ नये म्हणून प्रार्थना करावी. सगळं जगच संपणार असेल तर डोंगरात पळून काय फायदा? आणि ऋतूने काय फरक पडतो? हा सल्ला एका ठरावीक प्रदेशातल्या माणसांना जीव वाचवण्यासाठी दिलेला आहे. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो, ओढे भरतात, वाटा बंद होतात. म्हणजे त्यांचा हिवाळा म्हणजे आपला जुलै! लोधिवली-चौक पट्ट्यात राहणाऱ्याला जुलैत डोंगराची वाट म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमेतले ख्रिस्ती लोक युद्धाआधीच निघून यार्देनेपलीकडच्या पेल्ला गावी गेले. येशूचं वचन त्यांच्यासाठी अभ्यासाचा विषय नव्हतं, त्यांनी त्यावर घर सोडलं.

म्हणून अध्यायाचा हा भाग पूर्ण झालाय, असं मानायला भक्कम आधार आहे. या मताला प्रीटेरिझम म्हणतात. हे कालच्या यूट्यूबवरचं नाही. लुईस दे अल्काझार या स्पॅनिश जेझुइटाने सतराव्या शतकात प्रकटीकरणाचा अर्थ बराचसा असाच लावला होता.

३. मग सगळंच संपलं का?

नाही. "बरंच काही पूर्ण झालं" आणि "सगळं पूर्ण झालं" यांत मोठी दरी आहे. तीन कारणं बघा.

पहिलं, ३६ वं वचन. इथे येशूची भाषा बदलते. "या गोष्टी" जाऊन "तो दिवस" येतो. या गोष्टींसाठी चिन्हं आहेत, अंजिराच्या पालवीचा दाखला आहे. त्या दिवसासाठी मात्र चिन्हच नाही. उलट नोहाच्या काळासारखं लोक खातपीत, लग्नं करत असतील. अगदी रोजचा दिवस.

दुसरं, प्रेषितांची कृत्ये १:११. येशू जसा गेला तसाच परत येईल, असं दूतांनी सांगितलं. इ.स. ७० मध्ये सैन्य आलं. येशू तसा आला नाही.

तिसरं आणि सर्वांत गंभीर, २ तीमथ्य २:१७-१८. हुमनाय आणि फिलेत शिकवत होते की पुनरुत्थान होऊन गेलंय. पौल याला साधा मतभेद म्हणत नाही. या शिकवणीने काहींचा विश्वास उलथून पडतोय, असं म्हणतो. १ करिंथ १५ मधलं मेलेल्यांचं उठणं जर मागेच उरकलं असेल, तर कबरीजवळ उभं राहून आपण काय बोलणार?

आता अवघड भाग. वचन २९ ते ३१ मध्ये सूर्य अंधारतो, तारे पडतात, मनुष्याचा पुत्र मेघांवर येतो. काही अभ्यासक दाखवतात की यशया १३:१० मध्ये बाबेलच्या पतनासाठी अशीच भाषा आहे, आणि दानीएल ७:१३ मध्ये मनुष्याच्या पुत्रासारखा तो पुराणपुरुषाकडे जातो, पृथ्वीवर उतरत नाही. दुसरे म्हणतात, ही वचनं सरळ पुनरागमनाची आहेत. आणखी काही जण दुहेरी पूर्तता मानतात, म्हणजे यरुशलेमेत छोटी आणि शेवटी मोठी. मला पहिला अर्थ जास्त पटतो. पण यावरून संगती तोडू नका. पुनरागमन आणि पुनरुत्थान यांवर मात्र तडजोड नको.

४. दुसऱ्या टोकाचा धोका

प्रत्येक बातमीत चिन्ह शोधणं हाही वचनाशी खेळच आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. ती आली आणि गेली. नंतर १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं, तेव्हा अंजिराची पालवी म्हणजे हेच असं धरून, त्यात चाळीस वर्षं मिळवून काहींनी १९८८ काढलं. तेही गेलं.

आणि ज्यांना आपण तक्त्यावरचं चिन्ह करतो, ती माणसं कोण? आपल्याच रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं, घरात मराठी, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून गावात "शनवार तेली". त्यांतले कितीतरी जण १९४८ नंतर इस्राएलला गेले. ते आपले शेजारी होते. भविष्यवाणीच्या गणितातला आकडा नव्हते.

आता जवळचं उदाहरण. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी. वर गाडीरस्ता नाही, यंत्रं नेता येईनात, बचाव करणारे पावसात पायी चढले. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबला. अशा वेळी "शेवटच्या काळाचं चिन्ह" एवढं लिहून मोकळं होणं सोपं असतं. पण वचन ६ ते ८ पुन्हा वाचा. युद्धं, दुष्काळ, भूकंप यांची नावं घेऊन येशू म्हणतो, घाबरू नका, एवढ्याने शेवट होत नाही. आपण ज्याला शेवटची खूण म्हणतो, त्याला तो फक्त वेदनांचा आरंभ म्हणतो.

आणि "सगळं पूर्ण झालं" म्हणणाऱ्यालाही इरशाळवाडी एक प्रश्न विचारते. प्रकटीकरण २१:४ मध्ये देव सगळे अश्रू पुसणार आहे, मरण उरणार नाही. ते जर होऊन गेलं असेल, तर ढिगाऱ्याखालच्या त्या ५७ जणांच्या घरच्यांना कुठली आशा द्यायची? माझ्यासाठी हा सगळा वाद इथे येऊन थांबतो. आपण काहीतरी घडण्याची वाट बघतोय, हेच आपलं सुवार्तेचं धन आहे.

५. वाट बघायची कशी?

पंडिता रमाबाईंकडे बघा. १८९६-९७ चा दुष्काळ, मुंबई-पुण्यातला प्लेग, मग १८९९-१९०० चा आणखी एक दुष्काळ. चिन्हं मोजायची तर यापेक्षा जास्त काय हवं होतं? त्यांनी दुष्काळी मुलखातून मुली केडगावला आणल्या, त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं. तरी काम थांबवून कुणी आकाशाकडे बघत बसलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला मरण येईपर्यंत रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराला लागून होत्या.

आज मनात ठेवू या

- यरुशलेमेबद्दल येशू बोलला ते शब्दशः झालं. म्हणून त्याच्या येण्याबद्दलचा शब्दही होईल.
- तारीख सांगणारा आणि "आता काही उरलं नाही" म्हणणारा, दोघांचंही वचनावर तपासून घ्या.
- बातमी वाईट आली की आधी प्रार्थना आणि मदत, मग चर्चा.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझा शब्द खरा ठरला, म्हणून तुझे आभार. भीतीने नाही, आशेने वाट बघायला आम्हाला शिकव. दरडीत, दुष्काळात, युद्धात ज्यांनी आपली माणसं गमावली त्यांना तू धीर दे, आणि आमचे हात त्यांच्यापर्यंत पोहोचू दे. ये, प्रभू येशू. आमेन.

उद्याचं वाचन मत्तय २४:३६-५१. जमलं तर सकाळी ऑफिसला निघायच्या आधी एकदा वाचून ठेवा.