एरियलची पिन

बाहेरच्या एरियलसाठी पिन आणायला दुकानात जाण्याआधी रेडिओ फिरवून नीट बघा. शॉर्टवेव्हच्या पोर्टेबल सेटला सहसा दोन-तीन भोकं जवळजवळ असतात. एक इअरफोनचं, एक पॉवरचं आणि एक बारीक अक्षरांत ‘अँट’ लिहिलेलं. आपलं काम त्या तिसऱ्याशी. घाईत वायर इअरफोनच्या भोकात खुपसली की स्पीकर गप्प होतो आणि माणसाला वाटतं, रेडिओच गेला.

मग माप. जुन्या इअरफोनची पिन त्या भोकात घालून बघा. खट्ट करून बसली तर भोक ३.५ मिलिमीटरचं. सोनीच्या आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआरला किंवा टेकसनच्या पीएल-६६०ला हेच आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ जाऊन ‘साडेतीनची मोनो पिन’ मागायची. पिनेवर काळी रिंग एकच असेल तर ती मोनो. दोन असतील तर स्टिरिओ, तीन असतील तर मोबाइलच्या हेडसेटची.

हे एवढं फोड करून सांगतोय, कारण मी एकदा घरातली स्टिरिओ पिन वापरली आणि वायर मधल्या रिंगच्या पत्तीला जोडली. गच्चीवर दहा मीटर तार ताणली आणि रेडिओत आधी येत होतं तेवढंही येईना. बऱ्याच सेटमध्ये पिन आत गेली की जॅकमधली पत्ती उचलली जाते आणि सेटच्या स्वतःच्या अँटेनेच्या दांडीचा संबंध तुटतो. म्हणजे दांडी गेली होती आणि तार कशालाच टेकलेली नव्हती. स्टिरिओ पिन चालते, पण वायर टोकाच्या पत्तीलाच हवी.

आता जोडणी. आधी पिनेचं टोपण वायरीत ओवून घ्या. सोल्डर झाल्यावर हे आठवतं आणि सगळं पुन्हा सोडवावं लागतं. वायर सेंटीमीटरभर सोला, तारा पिळून सोल्डर पाजा, मग मधल्या आखूड पत्तीला जोडा. ही पत्ती टोकाची. बाहेरची लांब पत्ती अर्थची; ती रिकामी राहिली तरी चालतं. मल्टिमीटर असेल तर पिनेचं टोक आणि वायरीचं दुसरं टोक यांत बीप यायला हवा, टोक आणि अंगात येता कामा नये. सात ते दहा मीटर वायर पुरे. फार लांब केली तर जोरदार स्टेशनं एकमेकांवर चढतात; तेव्हा डीएक्सचा खटका लोकलवर आणा.

तयार अँटेनेच्या केबलला बीएनसी कनेक्टर असेल तर बीएनसी ते ३.५ असा अडॅप्टर मिळतो. पण तो जड धातूचा गट्टू थेट रेडिओत खोचू नका. केबलच्या ओढीनं आतला जॅक पीसीबीवरून उखडतो. मध्ये वीतभर लवचिक वायरीचा तुकडा असलेला अडॅप्टर घ्या. कॉम्प्युटरला लावायच्या एसडीआर डोंगलचं भोक बहुधा एसएमए असतं. वायफाय राउटरची अँटेना त्यावर छान फिरून बसते, पण राउटरचा कनेक्टर अनेकदा उलट्या जातीचा असतो आणि मधली पिन जुळतच नाही. आटे बसले म्हणून जोडणी झाली असं नाही.

भोकच नसेल तर पिनेचा प्रश्नच मिटला. वायरीला मगर क्लिप लावा आणि दांडीला चिमटवा. मीडियमवेव्हला याचा फारसा उपयोग नाही, तिथं आतला फेराइट रॉड काम करतो. वायरीचे चार-पाच वेढे रॉडच्या बाजूनं सेटभोवती घालून बघा.

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर मागं ‘ए’ आणि ‘ई’ अशी दोन भोकं दिसतील. जाळीची एरियल ‘ए’मध्ये, बनाना पिन लावून. ‘ई’ला हात लावण्याआधी मात्र सेट जाणत्या मेकॅनिकला दाखवा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटमध्ये चासीवर घरातली वीज खेळत असू शकते.

पावसाळ्यात आभाळ भरून यायला लागलं की गडगडाटाची वाट न बघता पिन काढायची आणि वायर खिडकीबाहेर टाकून द्यायची.