ड्युटीवर जाताना अपघात झाला तर?

आमच्या हॉस्टेलचे वॉचमन मामा गावाहून सायकलवर नाईट ड्युटीला येतात. परवा म्हणाले, "इंजिनीअरसाहेब, वाटेत काही झालं तर घरच्यांना काही मिळतं का हो?" मी कॉन्व्हेंटचा, मेकॅनिक्स येतं, कायदा कुठला येणार! मग वाचून काढलं.

मित्रांनो, उत्तर आपल्या शेजारच्या धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात सापडलं. २२ एप्रिल २००३ ला साखर कारखान्याचा एक वॉचमन पहाटे ३ च्या पाळीला निघाला आणि कारखाना ५ किलोमीटरवर असताना अपघातात गेला. २००९ मध्ये आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये भरपाई व १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनीच्या अपिलावर २०११ मध्ये हायकोर्टाने ते रद्द केलं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा मंजूर केलं. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला, तर घरून कामावर जाणं हाही नोकरीचाच भाग! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आहे.

पण त्यात २२ वर्षं गेली. म्हणून मालकाला लगेच लेखी कळवा. पंचनामा, हजेरी, पगार यांचे कागद जपा. दावा दोन वर्षांच्या आत करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार व महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण आम्हाला पगाराची पावतीच देत नाहीत."

उद्या आपल्यातलाच कुणी साइटवर इंजिनीअर होईल. तेव्हा हजेरीवर प्रत्येकाचं नाव नीट लिहूया, एवढंच.