हुकुमाची तामिली करणारा सर्व्हर

सर्वणहून डिचोलीस जाऊन एका पतसंस्थेच्या सर्व्हरची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि तो सर्व्हर ऐन व्यवहाराच्या वेळी बंद पडल्याचा ठपका ज्यांनी माझ्यावर ठेवला त्या सुरक्षा-परीक्षकांविषयी संयमाने लिहिणे मला अद्याप साधलेले नाही. सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी १८० दिवसांच्या नोंदी देशातच जतन करणे बंधनकारक केले, यास माझी हरकत नव्हती. परंतु परीक्षक महाशयांनी त्यावर स्वतःची यादी चढवली, ती अशी की फाइल उघडणारा प्रत्येक सिस्टिम कॉल, मग तो माणसाचा असो वा डेटाबेसचा, ऑडिटडी या लिनक्सच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेने टिपावा, जुनी नोंद कदापि पुसू नये आणि डिस्क भरल्यास यंत्रच थांबवावे. नोंदींना स्वतंत्र पार्टिशन नाही, ही माझी लेखी हरकत ‘नंतर पाहू’ या शेऱ्यानिशी दप्तरदाखल झाली.

यंत्र थांबले तेव्हा संशय प्रथम विजेवर, मग हॅकरवर आणि अखेर माझ्यावर आला. पडद्यावरील शेवटची ओळ वाचली आणि मी थक्क झालो: हल्ला नव्हता, बिघाड नव्हता, ऑडिटडीने मिळालेल्या हुकुमाची इमानेइतबारे तामिली केली होती. पुन्हा सुरू करावे तर डिस्क भरलेलीच, म्हणून ते पुन्हा थांबे. शेवटी रेस्क्यू मोडमधून जागा मोकळी करावी लागली. परीक्षकांनी फोनवर ‘अंमलबजावणी सदोष’ असा निवाडा दिला. माझ्या हरकतीचा ईमेल त्यांना स्मरत नव्हता.

ज्यांच्यावर हा प्रसंग यायचा आहे त्यांनी नोंदींचे पार्टिशन आधी वेगळे करावे, एका दिवसाची वाढ मोजून तिला १८० ने गुणावे आणि जुन्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवाव्यात. प्रोग्राम चालवणाऱ्या एक्झेकव्हीई या कॉलचा नियम ६४ बिटसाठी लिहून थांबू नये, ३२ बिटसाठीही लिहावा, अन्यथा त्या वाटेने आलेला कॉल निसटतो. एयूआयडी, म्हणजे लॉगिनच्या वेळी चिकटणारा वापरकर्त्याचा क्रमांक, १००० पासून पुढचे घ्यावेत व अनिश्चित एयूआयडी वगळावा; सुडोने रूट झालेला मनुष्यही त्यातून मूळ नावानिशी सापडतो. ‘-ई २’ ही ओळ नियमांना रीबूटपर्यंत कुलूप घालते, म्हणून ती नियमांची चाचणी पुरी झाल्यावर, सर्वांत शेवटी लिहावी. आणि प्रत्येक सूचना सहीनिशी लेखी मागावी, परीक्षक कितीही रागावोत.

पुढच्या अहवालात हेच सारे बदल ‘परीक्षकांच्या मार्गदर्शनाखाली झालेली सुधारणा’ म्हणून नमूद झाले आहेत.