हातोडी की पुलर?

फोर-स्ट्रोक इंजिनातील झडपा ठरल्या क्षणी उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. त्याचा वेग क्रँकशाफ्टच्या निम्मा असतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट सेकंदाला २५ फेरे घेतो. तो ज्या कड्यात फिरतो ते कडे म्हणजे कॅम बेअरिंग.

आपली मोटरसायकल घरच्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९९ च्या मॉडेलांपासून ‘ट्विन कॅम’ हे १४५० घन सें.मी.चे इंजिन आणले. त्यातील दोन कॅमशाफ्टची आतली टोके क्रँक केसमध्ये घट्ट बसवलेल्या नीडल बेअरिंगांत फिरतात. बाहेर पातळ पोलादी कवच आणि आत सुयांसारखे बारीक रूळ, अशी या बेअरिंगची रचना असते. कॅम बदलताना ही बेअरिंगेही बदलतात. हे काम करण्यासाठी कोणते हत्यार निवडावे?

प्रथम अडचण समजून घेऊ. बेअरिंगचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे ॲल्युमिनियमची बैठक त्याला चोहोबाजूंनी आवळते आणि घर्षणामुळे ते जागचे हलत नाही. शिवाय मागून ठोकायला हात पोचत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटावे, तर तरफेचा टेकू मऊ ॲल्युमिनियमवर येतो व तेथे खड्डा पडतो. एखादी सुई निसटून क्रँक केसमध्ये पडली, तर ती शोधण्यासाठी सबंध इंजिन खोलावे लागते.

म्हणून पुलर वापरतात. त्याचा चिरा दिलेला तोंडाचा भाग बेअरिंगमध्ये घालून फुलवला, की तो मागची कड पकडतो. मग ओढायचे कसे? एका प्रकारात दांड्यावर सरकणारे वजन असते. समजा, १ किलोग्रॅमचे वजन सेकंदाला ३ मीटर वेगाने आपटले. त्याची गतिज ऊर्जा ४.५ ज्यूल. ते १ मि.मी. अंतरात थांबले, तर सरासरी बल ४५०० न्यूटन होईल! बल मोठे खरे. पण ते धक्क्याने लागते आणि हात वाकडा झाला, तर त्याची दिशाही वाकडी होते.

दुसऱ्या प्रकारात क्रँक केसवर एक पूल टेकवून त्यावरचा नट पान्याने फिरवतात. नटाच्या आट्यांतील अंतर १.५ मि.मी. आणि पान्याची लांबी २० सें.मी. धरू. एका फेऱ्यात हात सुमारे १२५६ मि.मी. फिरतो आणि बेअरिंग १.५ मि.मी. वर येते. घर्षण नसते, तर बल सुमारे ८०० पट झाले असते. घर्षणात बराच भाग खर्च होऊनही ते १०० पटींच्या आसपास मिळते. हाताने १०० न्यूटन लावा, पुलर १०,००० न्यूटनच्या घरात ओढील. तेही सावकाश आणि सरळ रेषेत. जितक्या बलाने बेअरिंग वर ओढले जाते, तितक्याच बलाने पूल केसला खाली दाबतो. न्यूटनचा तिसरा नियम येथे डोळ्यांनी दिसतो. मात्र पूल केसच्या मजबूत, सपाट भागावरच टेकला पाहिजे.

नवे बेअरिंग बसवताना पायरीचा दट्ट्या निवडावा. त्याची लहान पायरी बेअरिंगच्या आत जाते आणि मोठी पायरी कवचाच्या कडेवर सर्व बाजूंनी सारखी टेकते. अशा बेअरिंगच्या ज्या कडेवर अक्षरे कोरलेली असतात, तीच दाबायची. हातोडीचा घाव एका बाजूला बसला, तर पातळ कवच दबते व रूळ अडकतात.

उष्णतेचीही मदत घेता येते. २५ मि.मी. व्यासाचे भोक ७० अंश सेल्सिअसने तापवले, तर ॲल्युमिनियममधले भोक सुमारे ०.०४० मि.मी.ने मोठे होते. पोलादी बेअरिंग तेवढेच तापले, तर ०.०२१ मि.मी.ने. बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवून आणखी लहान करता येते. काही शतांश मिलिमीटरचाच प्रश्न असल्याने एवढा फरक पुष्कळ झाला. परंतु पेट्रोलची वाफ पेट घेते. म्हणून ज्योत कधीही वापरू नये, गरम हवेचे यंत्र वापरावे.

करून पाहा : एक जाड बोल्ट घ्या. दहा आट्यांची लांबी मोजून दोन आट्यांमधील अंतर काढा. मग घरातील पान्याची लांबी मोजा आणि घर्षण नाही असे मानून बल किती पट होईल, ते सांगा.