नदीतील मासा आणि घरातील काचपात्र

बंगळूर शहराच्या उत्तरेस असलेले येलहंका हे जुने गाव आज महानगरात सामावून गेले आहे. त्याच्या पश्चिमेस अर्कावती नदीचे खोरे आहे. ही नदी नंदीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे कावेरीस मिळते. या प्रदेशातील तलावांवर व नदीकाठी गळ टाकून बसलेली माणसे आपण पाहतो. गळास लागलेला मासा जिवंत घरी न्यावा व काचपात्रात पाळावा, अशी इच्छा एखाद्या विद्यार्थ्यास होणे स्वाभाविक आहे. परंतु असे करणे कायद्यास धरून होईल काय?

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ते देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पाणी कोणाचे? तलावातील मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्याने दिलेला असतो. कर्नाटकातील गोड्या पाण्याच्या मासेमारीचे नियमन १९९६ च्या राज्य कायद्यान्वये होते. म्हणून प्रथम परवानगी घ्यावी, मग गळ टाकावा. अभयारण्याचा नियम याहून कडक आहे. १९८७ साली स्थापन झालेल्या कावेरी अभयारण्यासारख्या क्षेत्रातून कोणताही वन्य जीव, मग तो बोटभर मासा का असेना, वनखात्याच्या परवान्यावाचून बाहेर नेता येत नाही.

मासा कोणता? १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यास प्राण्यांच्या याद्या जोडलेल्या असून त्यांस अनुसूची म्हणतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. जिवंत पकडणे हीदेखील शिकारच होय. हौशी लोकांस प्रिय असलेला, तांबड्या पट्ट्याचा ‘मिस केरळ’ हा सह्याद्रीतील मासा आता पहिल्या अनुसूचीत आहे. आशियाई आरोवानासारखे, आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षिलेले विदेशी मासे बाळगणाऱ्यांस २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी करावी लागते.

मात्र जे अनुसूचीत नाही ते सर्व निर्धोक, असे समजू नये. या संदर्भात कावेरीतील महसीराची कथा बोधप्रद आहे.

महसीर हा भारतातील गळकऱ्यांचा सर्वांत आवडता मासा होय. म्हैसूर संस्थानाने शिकारीचे प्राणी व मासे यांच्या रक्षणासाठी १९०१ सालीच कायदा केला होता. १९४६ साली म्हैसूर प्रदेशात गळाने पकडलेल्या एका महसीराचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले. तो कावेरी खोऱ्यातील कुबड असलेला, नारिंगी परांचा महसीर होता. आश्चर्य असे की, गळकऱ्यांस इतका परिचित असलेल्या या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली. ‘टोर रेमादेवी’ हे ते नाव होय. त्याच सुमारास त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

त्याच्या ऱ्हासास धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाने होणारी मासेमारी ही कारणे आहेतच. त्यांशिवाय आणखी एका कारणाकडे संशोधकांनी लक्ष वेधले आहे. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात दख्खनी महसीराची पैदास यशस्वी झाली. सायक्स याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून वर्णिलेला ‘टोर खुद्री’ तो हाच. त्याची पिले सद्हेतूने कावेरीत सोडण्यात आली. ती तेथे फोफावली, आणि मूळचा कुबडवाला महसीर मात्र विरळ होत गेला.

यावरून घरी मासा पाळणाऱ्यास दोन धडे मिळतात. नदीतून उचललेले पिलू कोणत्या जातीचे आहे, हे तज्ज्ञांसही सहज उमगत नाही. मग ते दुर्मिळ नाही, असे आपण कशाच्या आधारे म्हणावे? दुसरे असे की, महसीर हा वाहत्या, प्राणवायुयुक्त पाण्यात राहणारा आणि एक मीटरहूनही अधिक लांबीचा होणारा मासा आहे. तीन-चार फुटांच्या काचपात्रात तो फार काळ मावत नाही. तो डोईजड झाला की मालक त्यास जवळच्या तलावात सोडून देतो. हे कृत्य दयेचे भासते. परंतु नदीतून मासा काढल्याने जेवढी हानी होते, तेवढीच परका मासा नदीत सोडल्यानेही होऊ शकते.

ज्यास मासे पाळण्याचा छंद आहे त्याने पैदास केंद्रातील मासे घ्यावेत, पावती जपून ठेवावी आणि शंका आल्यास मत्स्यव्यवसाय खात्याकडे अथवा वनखात्याकडे विचारणा करावी. नदीतील मासा नदीतच पाहावा; त्याचे आकारमान, रंग व ऋतू यांची नोंद वहीत करावी. अशी वही कोणत्याही कायद्याचा भंग करीत नाही, आणि ती शास्त्राच्या उपयोगी पडते.

अभ्यास
१. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ नित्याच्या अर्थाहून कसा व्यापक आहे?
२. पाळलेला मासा तलावात सोडणे अयोग्य का? कावेरीतील उदाहरणाच्या आधारे सांगा.
३. आपल्या गावच्या तलावातील मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे, याची चौकशी करा.