मोठ्या आतड्याचा कर्करोग : कारणे व सावधगिरी

कर्करोग म्हटले की आपल्याला प्रथम तंबाखूच आठवतो. परंतु पेशीतील डीएनएमध्ये कायमचा बदल घडविणारी काही द्रव्ये आपल्या आतड्यातही तयार होतात. त्यांना उत्परिवर्तक द्रव्ये म्हणतात. त्यांची ओळख आपण करून घेऊ.

यातील काही द्रव्ये आहारातून येतात. मांस वा मासळी करपेपर्यंत भाजल्यास हेटरोसायक्लिक अमाईन तयार होतात. तांबड्या मांसातील हीम या लोहयुक्त घटकामुळे आतड्यात नायट्रोसो संयुगे बनतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले. ते रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

दुसरा उगम जिवाणूंचा. ई. कोलाय हा जिवाणू आतड्यात सहसा निरुपद्रवी असतो. मात्र त्याचे काही वाण कोलिबॅक्टिन नावाचे द्रव्य तयार करतात, हे २००६ साली उजेडात आले. हे द्रव्य डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना जखडून टाकते. २०२० साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील आतड्याच्या पेशी पाच महिने या जिवाणूंच्या संपर्कात ठेवल्या. तेव्हा डीएनएवर एक विशिष्ट खूण उमटली. तीच खूण काही रुग्णांच्या गाठींतही सापडली. ११ देशांतील ९८१ रुग्णांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या आत आजार झालेल्यांत ही खूण सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा तिपटीहून अधिक आढळली. यावरून संबंध दिसतो. तथापि हेच एकमेव कारण, असा अर्थ काढू नये.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. आतड्यातील साध्या कोंबाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-एक वर्षे लागतात. तोवर दुर्बिणीच्या तपासणीत तो काढून टाकता येतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये व पालेभाज्या यांतील चोथ्याने मल लवकर पुढे सरकतो आणि घातक द्रव्यांचा आतड्याशी संपर्क कमी होतो. दारू व तंबाखू वर्ज्य करावेत.

शौचातून रक्त पडले की आपल्याकडे मूळव्याध समजून घरगुती उपाय केले जातात. लाजेपोटी कोणी बोलत नाही. यातच मोलाचा काळ निघून जातो. रक्त पडणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, विनाकारण वजन घटणे किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. वय कमी आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला हा आजार झाला असल्यास लक्षणांची वाट न पाहता तपासणीविषयी विचारावे. विद्यार्थ्यांनी ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावी, ही आमची विनंती.