तीन एकर वावर आणि निवडीचा हिशेब



अर्थशास्त्र म्हटले की हा विषय कॉलेजातल्या प्राध्यापकांचा, आपला नव्हे, असे आपल्याला वाटते. वास्तविक मृग निघाला आणि हाती पैसा थोडा असला म्हणजे घरोघर जो खल चालतो, तोच या शास्त्राचा पहिला पाठ होय. गरजा पुष्कळ, साधने अपुरी, आणि एकच साधन अनेक कामी लावता येण्याजोगे. म्हणून निवड करणे भाग पडते.

दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडचे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. वावर तीन एकर, तेही खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातील ही जमीन काळी, भारी. परंतु खालचे पाणी खारे. विहीर खोदून ओलीत करावे तर पिकाला ते मानवत नाही. सारा भरवसा पावसावर. मग कपाशी पेरावी की ज्वारी?

कपाशीने रोख पैसा येतो. पण तिची खरी किंमत म्हणजे केवळ बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी नव्हे. त्याच वावरात ज्वारी पेरली असती तर घरात दाणे आणि गुरांना कडबा आला असता. आपण जे सोडले, तेही कपाशीच्या खर्चात धरले पाहिजे. सोडून दिलेल्या पर्यायाची ही किंमत कोणत्याच पावतीवर नसते, म्हणून ती विसरली जाते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना रेशनवर गहू-तांदूळ अल्प दरात, आणि २०२३ पासून मोफत, मिळू लागला. घरच्या ज्वारीची निकड त्याने कमी झाली हे खरे. पण रेशनवर कडबा मिळत नाही! कडबा विकत घेणे परवडले नाही की बैल विकावे लागतात, आणि बैल गेले की पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने. एका निवडीच्या पोटातून दुसरी निघते ती अशी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. केवळ एकर मोजून शेत परवडणारे की न परवडणारे हे ठरत नाही, असे त्यांनी त्यात दाखवले. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे परस्पर प्रमाण जुळले पाहिजे. शेतीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल तुटपुंजे, हे त्यांनी सांगितलेले मूळ दुखणे. आणि उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरणाकडे बोट दाखवले. तीन एकरांत चार भाऊ राबले म्हणून पीक चौपट होत नाही. पहिले निंदण पीक वाचवते, दुसरे वाढवते. तिसऱ्याची मजुरी पुष्कळदा निघतही नाही. यालाच घटत्या फलाचा नियम म्हणतात. अशा घरातील एका मुलाला अमरावतीला किंवा अकोल्याला शिकायला ठेवले, तर शेतीचे नुकसान वाटते तितके होत नसते.

आता उसनवारी. आषाढात एक पोते सवाईने आणले व सहा महिन्यांनी सव्वा पोते फेडले, तर ते वर्षाला शेकडा ५० व्याज झाले. दिढीने घेतले तर शेकडा १००. महिना शेकडा दोनचे कर्ज कानाला जड लागते, पण ते वर्षाला २४ च आहे. सवाई गोड वाटते, कारण तिथे रुपयाचा उच्चार होत नाही.

भगवान बुद्धांनी सिगाल या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा आपत्तीसाठी राखून. रोजमजुराच्या घरी हे प्रमाण जसेच्या तसे बसणार नाही. निम्मी मजुरी धंद्यात घालणार कशी? तेथे उपभोगाचाच भाग मोठा राहील. परंतु पैसा हाती येण्यापूर्वी त्याच्या वाटण्या ठरलेल्या असाव्यात, एवढे तर कोणालाही जमेल. कापूस विकल्यावर, लग्नाच्या मंडपात बसून, ते ठरवता येत नाही.

या पंधरवड्यात घरी एक वही करा. एका बाजूस झालेला खर्च लिहा, आणि त्यापुढे, त्याच पैशात दुसरे काय झाले असते तेही लिहा. लिहिताना घरातील बाईला शेजारी बसवा. निंदणाची नि वेचणीची मजुरी यंदा किती पडली, हे बहुधा तिलाच नेमके ठाऊक असते.